माळावरच्या कोरीव दगडांची नोंदवही

उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधील उघड्या माळांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरून ठेवलेले खळगे आणि वर्तुळे हजारो वर्षे ऊनपाऊस झेलत पडून आहेत. त्यांचा अर्थ आज कोणालाही ठाऊक नाही. मात्र ती पुसली जाण्यापूर्वी त्यांची काटेकोर नोंद व्हावी, यासाठी तेथे सर्वसामान्य नागरिकांच्या मदतीने मोठे काम उभे राहिले. ही नोंद कशी होते आणि ती का महत्त्वाची आहे, याचा हा परिचय.

इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायर परगण्यात इल्कली हे टुमदार गाव आहे. गावाच्या दक्षिणेला चढण सुरू होते आणि थोड्याच वेळात घरे, कुंपणे, झाडे मागे पडून समोर विस्तीर्ण माळ उघडा होतो. हा रॉम्बाल्ड्स मूर. त्याचा सर्वोच्च भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर आहे. येथे वाऱ्याला अडवणारे काही नाही. हेदरची खुरटी झुडपे, नेचांचे रान, पावलाखाली दबणारी ओली काळी माती आणि त्यातून डोके वर काढणारे भरड वालुकाश्माचे शेकडो दगड, एवढेच येथे दिसते. भरदुपारी या दगडांकडे पाहिले तर त्यांत वेगळे काही आढळत नाही. पण सूर्य कलला आणि उन्हाची तिरीप दगडाच्या पाठीवरून सरपटत गेली, की एकाएकी त्यावर वाटीएवढे खळगे उमटतात. एखाद्या खळग्याभोवती एक, दोन, तीन वर्तुळे दिसू लागतात. वर्तुळांना छेदून बाहेर पडणारी एखादी पन्हळ दगडाच्या कडेपर्यंत वाहत जाते. अर्ध्या तासाने ऊन सरते आणि दगड पुन्हा मुका होतो.

अभ्यासक या खुणांना ‘कप अँड रिंग’ म्हणतात. कठीण दगडाच्या टोकाने ठोकून ठोकून त्या कोरलेल्या आहेत. धातूचे हत्यार त्यासाठी लागलेले नाही. नवाश्मयुगापासून कांस्ययुगाच्या पूर्वार्धापर्यंत, म्हणजे ढोबळमानाने इसवी सनपूर्व ३८०० ते १५०० या दीर्घ कालखंडात ही कोरीव कामे झाली असावीत, असे मानले जाते. त्यांत माणसे नाहीत, शिकारीची दृश्ये नाहीत, पशुपक्षीही जवळजवळ नाहीत. भीमबेटक्याच्या गुहांतील चित्रे पाहून आलेल्या माणसाला येथे पहिल्यांदा निराशा वाटेल. सारा कारभार खळगे, वर्तुळे आणि रेघांचा. पण हीच भाषा आयर्लंडपासून स्पेनच्या गॅलिसियापर्यंत अटलांटिक किनाऱ्याच्या मोठ्या पट्ट्यात आढळते, हे कळले की त्या साधेपणाचे गूढ वाढते.

पाद्री, डॉक्टर आणि नागपूरचे दगड

या खुणांकडे शिक्षित समाजाचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकात. नॉर्थम्बरलंडमधील ओल्ड ब्युइक येथे जॉन लँगलँड्स यांना १८२० च्या दशकात असे दगड दिसले होते. परंतु त्यावर खरी चर्चा सुरू झाली ती १८५२ मध्ये पाद्री विल्यम ग्रीनवेल यांना रफ्टिंग लिन येथील प्रचंड कोरीव खडक आढळल्यानंतर. १८६५ मध्ये जॉर्ज टेट यांनी नॉर्थम्बरलंडच्या कोरीव खडकांवर सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यापाठोपाठ १८६७ मध्ये जेम्स यंग सिम्प्सन यांचा ग्रंथ आला. हे सिम्प्सन म्हणजे प्रसूतीच्या वेदना कमी करण्यासाठी क्लोरोफॉर्मचा वापर रूढ करणारे एडिंबरोचे विख्यात डॉक्टर. खुणांचे प्रकार पाडून त्यांची वर्गवारी करण्याचा प्रयत्न त्यांनी केला.

या चर्चेचा एक धागा थेट महाराष्ट्रापर्यंत येतो. त्या काळी मध्य प्रांतात काम केलेले ब्रिटिश अधिकारी जे. एच. रिव्हेट-कार्नाक यांनी नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांची पाहणी केली. त्या वर्तुळांतील काही दगडांवर त्यांना लहान लहान खळगे ओळीने कोरलेले दिसले. कुमाऊँमधील अशाच खुणांवर त्यांनी १८७७ मध्ये लिहिले आणि १८७९ मध्ये मध्य भारतातील अवशेषांवर लेख प्रसिद्ध केला. युरोपातील खळग्यांशी त्यांचे साम्य पाहून ते प्रभावित झाले होते. आज हे साम्य निराळ्या दृष्टीने पाहिले जाते. विदर्भातील शिलावर्तुळे लोहयुगातील आहेत, म्हणजे इंग्लंडच्या माळांवरील खुणांपेक्षा पुष्कळ अलीकडची. दगडावर दगड ठोकून खळगा करणे ही इतकी सोपी कृती आहे की ती जगात अनेक ठिकाणी, अनेकांना स्वतंत्रपणे सुचू शकते. आकार सारखा म्हणून माणसे एक, असे म्हणता येत नाही. नोंदीचे शास्त्र विकसित होण्यामागे हा धडाही आहे.

‘दिसले ते लिहा’

कोरीव दगडाची नोंद म्हणजे त्याचा फोटो काढणे नव्हे. पहिला प्रश्न असतो तो जागेचा. जुन्या वर्णनांत ‘कुंपणाच्या भिंतीपासून थोड्या अंतरावर’ अशा खुणा दिलेल्या असत. भिंत पडली, पायवाट बदलली, नेचे वाढले, की तो दगड शेकडो दगडांत हरवून जातो. असे ‘हरवलेले’ दगड पुन्हा शोधणे हाच नोंद करणाऱ्यांच्या कामाचा मोठा भाग असतो. त्यामुळे आता उपग्रहावर आधारित जीपीएस यंत्राने स्थान निश्चित करतात. मात्र हातातल्या साध्या यंत्रात काही मीटरचा फरक पडू शकतो. दाटीने पडलेल्या दगडांत तेवढा फरक घोटाळा करण्यास पुरेसा असतो. म्हणून दगडाचा जवळून, दुरून आणि पार्श्वभूमीसह असा निरनिराळा फोटो लागतो.

त्यानंतर नोंदपत्रकातील रकाने येतात. दगड कोणत्या जातीचा, तो जमिनीतून वर आलेल्या मूळ खडकाचा भाग आहे की सुटा, त्याची लांबी, रुंदी, उंची किती, कोरलेली बाजू कोणत्या दिशेला कलते, तेथून काय दिसते, जवळ पाणी, पायवाट, थडगे, जुनी भिंत आहे का, हे सारे टिपायचे असते. मग खुणांची मोजदाद. साधे खळगे किती, वर्तुळे असलेले किती, पन्हळी किती आणि त्या कोठून कोठे जातात. शेवटी दगडाची प्रकृती. त्याला तडे गेले आहेत का, पापुद्रे सुटत आहेत का, गुरे अंग घासतात का, वाटसरूंचे बूट त्यावर पडतात का, कोणी नावे कोरली आहेत का.

या कामाला हंगामही असतो. उन्हाळ्यात नेचे कमरेएवढे वाढतात आणि दगड दिसेनासे होतात. वसंतात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना त्रास होऊ नये म्हणून माळावरची वर्दळ टाळावी लागते. नेचे वाळून आडवे पडतात ते थंडीत. त्या दिवसांत सूर्यही दिवसभर खाली राहतो, त्यामुळे तिरपे ऊन अधिक काळ मिळते. म्हणजे खुणा उत्तम दिसण्याचा काळ आणि बोटे गारठून पेन्सिल धरता न येण्याचा काळ एकच.

प्रत्यक्ष आकृती उतरवण्याच्या पद्धती काळानुसार बदलत गेल्या. आपल्याकडे शिलालेखाचा कागदी ठसा घेतात, तसाच कागद दगडावर ताणून त्यावर मेणाचा खडू घासण्याची पद्धत तेथे दीर्घकाळ रूढ होती. नॉर्थम्बरलंडमधील शाळेचे मुख्याध्यापक स्टॅन बेकेन्सॉल यांनी चार दशकांहून अधिक काळ हौसेने माळ तुडवले आणि अशा ठशांचा व रेखाटनांचा प्रचंड संग्रह उभा केला. पुढे त्यांनी तो न्यूकॅसल विद्यापीठाला दिला. आज त्यातील कित्येक ठसे हा त्या त्या दगडाच्या जुन्या स्थितीचा मौल्यवान पुरावा ठरला आहे.

तरीही ठशाची मर्यादा होती. वाकड्यातिकड्या दगडाचे रूप सपाट कागदावर उतरताना आकार ओढले जातात. घासण्याने ठिसूळ पृष्ठभागाचे कण सुटतात. त्याहून मोठा दोष हातात आणि मनात असतो. जेथे वर्तुळ असावे असे वाटते तेथे हात नकळत जोर देतो. खुणा खडूने भरून फोटो काढण्याची जुनी पद्धत तर आता पूर्णपणे त्याज्य मानली जाते. खडू दगडाला अपायकारक आहेच, शिवाय एकदा रेघ खडूने ठळक केली की पुढच्या प्रत्येक पाहणाऱ्याला तीच रेघ दिसते. पहिल्या माणसाची समजूत पुराव्याच्या रूपाने वावरू लागते.

फोटोग्रामेट्री या तंत्राने हे चित्र पालटले. एकाच दगडाचे निरनिराळ्या कोनांतून, एकमेकांवर येतील असे अनेक फोटो काढायचे, मापासाठी शेजारी पट्टी ठेवायची आणि संगणकाने या फोटोंतील समान बिंदू जुळवून दगडाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करायची, असे त्याचे सूत्र आहे. या प्रतिकृतीवरून दगडाचा रंग, शेवाळ, डाग काढून टाकता येतात आणि हव्या त्या दिशेने कृत्रिम उजेड पाडता येतो. जे ऊन माळावर अर्धा तास मिळते ते संगणकावर कितीही वेळ मिळते. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, झिजून पुसट झालेली वर्तुळेही त्यामुळे वर येतात. आणि दगडाला हातही लावावा लागत नाही.

नागरिकांची फौज

नॉर्थम्बरलंड आणि डरहॅम या दोन परगण्यांत २००४ ते २००८ या काळात इंग्लिश हेरिटेजच्या पुढाकाराने एक प्रकल्प राबवला गेला. त्यात सुमारे १०० स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले आणि त्यांनी सुमारे १,५०० कोरीव दगडांची नोंद केली. साधा डिजिटल कॅमेरा वापरून त्रिमितीय नोंद करण्याचे तंत्र त्यात सामान्य माणसांच्या हाती देण्यात आले, हे त्याचे वैशिष्ट्य. रॉम्बाल्ड्स मूरवर २०१० ते २०१३ या काळात याच धर्तीवर काम झाले. स्कॉटलंडमध्ये २०१७ ते २०२१ दरम्यान हिस्टॉरिक एन्व्हायर्न्मेंट स्कॉटलंडने विद्यापीठांच्या साहाय्याने देशव्यापी मोहीम चालवली.

अशा कामात हौशी माणसांवर विसंबावे का, ही शंका स्वाभाविक आहे. उत्तर पद्धतीत आहे. स्वयंसेवक एकट्याने नव्हे तर गटाने काम करतात. एकाला दिसलेली खूण दुसऱ्याला दिसते का, हे तपासले जाते. पत्रकाचा नमुना सर्वांना एकच असतो. ‘बहुधा’ आणि ‘निश्चित’ यांतला फरक लिहावा लागतो. वालुकाश्मात पाण्याने आणि गोठणाऱ्या बर्फाने नैसर्गिक खळगे पडतात. दगड फोडण्यासाठी पाथरवटाने पाचरीसाठी पाडलेली भोके असतात. नांगराचे ओरखडे असतात. आपल्याकडे किल्ल्यांच्या कातळावर खांब रोवण्यासाठी केलेली भोके आणि उखळे पाहून नवखा माणूस जसा गोंधळतो, तसाच गोंधळ तेथेही होतो. तो टाळण्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो आणि तो माळावर चालूनच तयार होतो.

अर्थाचा मोह

इल्कलीच्या माळाच्या कडेला एका कड्यावर लोखंडी कठडा घातलेला एक दगड आहे. त्यावर वळणदार बाहू असलेली आकृती असून तिच्या घड्यांत खळगे आहेत. तिला ‘स्वस्तिक शिळा’ असे नाव पडले. भारतीय पर्यटकाला ते नाव वाचून आश्चर्य वाटणे साहजिक आहे. परंतु हे नाव आधुनिक काळातील लोकांनी दिलेले आहे. भारतीय स्वस्तिकाशी तिचा संबंध असल्याचा कोणताही पुरावा नाही. इटलीतील व्हाल कामोनिका येथील खडकांवर तशी आकृती आढळते आणि माळावरच्या इतर खुणांपेक्षा ती वेगळी असल्याने तिचा काळही निश्चित नाही. गंमत अशी की कठड्याजवळ गेल्यावर जी आकृती स्पष्ट दिसते ती व्हिक्टोरिया राणीच्या काळात केलेली नक्कल आहे. मूळ आकृती मागे आणि पुसट. अनेक जण नकलेचा फोटो काढून परततात.

अर्थ लावण्याच्या मोहाने या विषयाचे पुष्कळ नुकसान केले आहे. स्कॉटलंडमधील संशोधक रोनाल्ड मॉरिस यांनी १९७९ मध्ये या खुणांविषयी मांडल्या गेलेल्या स्पष्टीकरणांची यादीच केली. ती १०४ पर्यंत गेली. ताऱ्यांचे नकाशे, धातू शोधणाऱ्यांच्या खुणा, यज्ञातील रक्त साठवण्याच्या वाट्या, खेळाचे पट अशा नाना कल्पना तीत होत्या. यांपैकी बहुतेक कल्पना खऱ्या की खोट्या, हे सिद्ध करण्याचा मार्गच नाही.

मग नोंदीने काय साधले? पहिले म्हणजे प्रश्न बदलला. ‘खुणेचा अर्थ काय’ याऐवजी ‘खूण कोठे आहे’ हे विचारता येऊ लागले. पुरातत्त्वज्ञ रिचर्ड ब्रॅडली यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात कोरीव दगडांची ठिकाणे, तेथून दिसणारा मुलूख आणि दऱ्याखोऱ्यांतून जाणाऱ्या वाटा यांचा मेळ घालून पाहिला. गुरे घेऊन फिरणाऱ्या लोकांच्या वाटांशी आणि जागेवरील हक्कांशी या खुणांचे नाते असावे, अशी मांडणी त्यातून पुढे आली. दुसरे म्हणजे काळाचा अंदाज. कोरलेल्या दगडात सेंद्रिय रंग नसल्याने कार्बन पद्धतीने त्याचे थेट वय काढता येत नाही. परंतु कांस्ययुगातील काही थडग्यांत जुन्या कोरीव खडकाचे तुकडे पुन्हा वापरलेले आढळले. म्हणजे कोरीव काम त्याआधीचे. स्कॉटलंडमधील किल्मार्टिन परिसरात कोरीव खडकाभोवती उत्खनन झाले तेव्हा कोरण्यासाठी वापरलेले गारगोटीचे दगडी हातोडे सापडले. असे पुरावे शोधायचे कोठे, हे ठरवण्यासाठी आधी चांगली नोंद लागते.

तिसरी गोष्ट इशाऱ्याची आहे. माळावर आज कोरीव दगड अधिक दिसतात, म्हणून प्राचीन माणसाने ते माळावरच कोरले, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. खालच्या खोऱ्यात शतकानुशतके नांगर चालला, दगड फोडून कुंपणाच्या भिंती रचल्या गेल्या. माळावर कोणी शेती केली नाही, म्हणून तेथील दगड वाचले. शिवाय त्या काळी हा प्रदेश आजच्यासारखा उघडा नव्हता. त्यावर झाडी होती. नकाशावरचे ठिपके प्राचीन माणसाची निवड जितकी सांगतात, तितकीच नंतरच्या माणसाची नासधूसही सांगतात.

आग, बूट आणि माती

सप्टेंबर २००३ मध्ये नॉर्थ यॉर्क मूर्समधील फायलिंगडेल्स माळाला आग लागली. सुमारे अडीच चौरस किलोमीटर क्षेत्र जळाले. हेदर आणि त्याखालचा कुजलेल्या वनस्पतींचा थर जळून गेल्यावर कोणाला ठाऊक नसलेले कोरीव दगड उघडे पडले. त्यातील एकावर नेहमीच्या खळग्यांऐवजी नागमोडी आणि भौमितिक रेघांची आकृती होती. अभ्यासकांसाठी ही पर्वणी होती आणि आपत्तीही. उष्णतेने वालुकाश्माचे पापुद्रे सुटतात आणि मातीचे आवरण गेल्यावर पाऊसवारा सरळ दगडाला भिडतो. पुन्हा झाडोरा वाढण्यापूर्वी पाहणी करण्याची घाई करावी लागली आणि त्याच वेळी झाडोरा लवकर वाढावा म्हणून बियाणे टाकण्याचे प्रयत्नही करावे लागले.

दगड वाचवण्यासाठी तो लपवावा की दाखवावा, हा पेच ग्लासगोजवळच्या कॉक्नो शिळेने सर्वांत तीव्रतेने समोर आणला. सुमारे १३ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद असा हा विशाल खडक. १९३७ मध्ये एका हौशी पुरातत्त्व अभ्यासकाने त्यावरील खुणा चक्क रंगवल्या. पुढे जवळ वस्ती वाढली, लोक त्यावरून चालू लागले, आपली नावे कोरू लागले. अखेर १९६५ मध्ये तो मातीखाली गाडण्यात आला. अर्धशतक तो तसाच राहिला. २०१६ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांनी तो पुन्हा उघडला, त्याची अतिसूक्ष्म त्रिमितीय नोंद करून घेतली आणि तो परत मातीखाली झाकला. विशेष म्हणजे त्या नोंदीत प्राचीन वर्तुळांबरोबर १९३७ चा रंग आणि लोकांनी कोरलेली नावेही टिपली गेली. तीही त्या दगडाच्या चरित्राचाच भाग मानली गेली.

ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्याने संरक्षित ठरवलेल्या स्मारकाला परवानगीशिवाय धक्का लावता येत नाही. त्यावरचे गवत सोलून काढणे हाही अपराध ठरू शकतो. नोंद करणाऱ्यांना तर त्याहून कडक शिस्त पाळावी लागते. शेवाळ खरवडायचे नाही, तारेचा ब्रश वापरायचा नाही, जमीनमालकाला विचारल्याखेरीज पाऊल टाकायचे नाही. पण झीज कायद्याने थांबत नाही. दरवर्षीचा गोठणारा बर्फ आणि पाऊस आपले काम करीत राहतात. एकोणिसाव्या शतकातील रेखाटन आजच्या दगडाशेजारी धरले, की काय गेले याचा हिशेब लागतो. रेखाटन नसते तर काही गेले आहे, हेही कळले नसते.

महाराष्ट्राला हा विषय दूरचा नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर माणसे, हत्ती, मासे आणि अनाकलनीय चौकटी कोरलेली कातळशिल्पे आहेत. त्यांपैकी कित्येकांचा शोध स्थानिक हौशी अभ्यासकांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना विचारून लावला. २०२२ मध्ये त्यांतील काही स्थळांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. सडा आणि मूर यांत दगड, हवामान, आकृत्या सारेच वेगळे. धोके मात्र ओळखीचे आहेत. दगडखाण, रस्ता, बांधकाम आणि ‘येथे काहीच नाही’ असा समज.

हा समज दूर करण्याचे साधन म्हणजे नोंद. ज्या दगडाला क्रमांक आहे, नकाशावर ठिपका आहे, ज्याचे माप आणि चित्र कोणीतरी जपून ठेवले आहे, तो दगड फोडण्यापूर्वी निदान कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. रॉम्बाल्ड्स मूरवर थंडीत गुडघे टेकून खळगे मोजणाऱ्या माणसाला त्या खळग्यांचा अर्थ कदाचित कधीच कळणार नाही. परंतु पुढे कधी कोणाला तो उलगडलाच, तर त्याच्या हाती पुरावा असेल तो याच माणसाने भरलेल्या पत्रकाचा.